सदाफुलीत औषध आहे, पण साखरेचं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना, मेटफॉर्मिन चालू. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाच फुलं आणि दोन-तीन पानं चावून खातात, संध्याकाळी गुळवेलीचा काढा घेतात. आता म्हणायला लागलेत, "या झाडापासून कॅन्सरचं औषध काढतात, तिथे साखर काय चीज आहे? गोळी बंद करतो." मुलाला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत: या गावठी औषधांत खरंच काही असतं का, आणि असेल तर गोळीऐवजी थेट झाडच का चालू नये.

मी डॉक्टर नाही. औषधी वनस्पतींच्या रसायनशास्त्रावर काम करतो आणि फार्मसीच्या मुलांना तेच शिकवतो. त्यामुळे गोळी किती घ्यायची हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. झाडात काय आहे, ते पोटात गेल्यावर काय होतं आणि लोक ज्यासाठी ते वापरतात त्याच्याशी त्याचा किती संबंध आहे, एवढं मी सांगू शकतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, असतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे.

सुरुवात वडील जी गोळी सोडायला निघालेत तिच्यापासूनच करू. युरोपात गालेगा नावाचं जांभळट फुलांचं एक शेंगवर्गीय झुडूप उगवतं. तिकडच्या खेड्यांत ते दूध वाढावं म्हणून, जंतांवर, आणि सारखी तहान, सारखी लघवी लागणाऱ्या माणसांना देत असत. शेवटची दोन लक्षणं कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून गालेजीन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याने साखर उतरायची, यात वाद नव्हता. पण ते माणसाला झेपत नव्हतं, आणि हे झुडूप जास्त खाल्लेल्या मेंढ्याही मरत. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्यातला ग्वानिडीन हा भाग धरून तशीच वेगवेगळी द्रव्यं बनवायला घेतली. सिंथॅलिन नावाचं एक बाजारात आलं, काही वर्षं चाललं आणि शरीराला बाधतं म्हणून मागे पडलं. दुसरं एक १९२२ मध्ये डब्लिनमध्ये तयार झालं होतं, ते तसंच पडून राहिलं. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेह्यांना दिल्याचे निष्कर्ष छापले. तेच मेटफॉर्मिन.

तेव्हा गोळी विरुद्ध झाडपाला हे भांडण इथे मुळात लागूच होत नाही. वडिलांच्या एका हातात एका लोकौषधीतून निघालेलं द्रव्य आहे, ज्यातला घातक भाग बाजूला सारून मात्रा ठरवायला कित्येक वर्षं गेली. दुसऱ्या हातात सदाफुली आहे. तिच्यावरही असंच काम झालंय, पण ते भलत्याच रोगासाठी.

ती हकीकत नीट सांगतो, कारण तुमच्या वडिलांचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

सदाफुली मूळची मादागास्करची. तिथून ती जगभरच्या उष्ण प्रदेशांत पसरली आणि जिथे गेली तिथे मधुमेहावरचं औषध म्हणून रुजली. जमैकात तिच्या पानांचा चहा पीत, दक्षिण आफ्रिकेत आणि फिलिपिन्समध्येही तिचा तसाच वापर. आपल्याकडे आज मोबाइलवर फिरणारा सल्ला यातलाच. १९५२ मध्ये जमैकातल्या एका रुग्णाने टोरांटोच्या डॉ. क्लार्क नोबल यांना या पानांचं एक पाकीट धाडलं. (हे तेच क्लार्क नोबल, जे १९२१ मध्ये बँटिंग यांच्यासोबत इन्शुलिनच्या प्रयोगांवर आधी कोण काम करणार याची चार्ल्स बेस्टबरोबरची नाणेफेक हरले, असं सांगतात.) त्यांनी ती पानं आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्या हवाली केली. रॉबर्ट तेव्हा कॅनडातल्याच वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधन करत होते.

प्रयोग साखरेसाठीच सुरू झाले. उंदरांना अर्क पाजला; साखर काही हलली नाही. मग अर्क टोचून पाहिला. साखर तरीही जागच्या जागी, पण उंदीर मरायला लागले, आणि मरत होते जंतुसंसर्गाने. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी झपाट्याने घटलेल्या. हाती आलेलं अपयश फेकून न देता नोबल यांना जे सुचलं त्यातच सगळं आलं: पांढऱ्या पेशींची वाढ थांबवणारं काही या पानांत असेल, तर पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कॅन्सरात त्याचा उपयोग होईल. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी ते द्रव्य वेगळं काढलं आणि १९५८ मध्ये जाहीर केलं. ते व्हिनब्लास्टीन. अमेरिकेत एली लिली कंपनी याच झाडाच्या मागे लागली होती, तिच्याकडून पुढे व्हिनक्रिस्टीन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरावर आज जी औषधं एकत्र देतात त्यात व्हिनक्रिस्टीन अजूनही असतं. त्या काळी हा रोग झालेलं मूल बहुधा वाचत नसे, आज बहुतेक मुलं वाचतात.

आता वडिलांच्या युक्तिवादाकडे परत येऊ. "कॅन्सरचं औषध आहे, मग साखरेला का नाही?" या औषधाचा शोधच मुळी साखरेवर ते चाललं नाही म्हणून लागला!

तरी झाडात दम आहे, हे वडिलांचं म्हणणं खोटं नाही. सदाफुलीत शंभरावर अल्कलॉइड्स, म्हणजे शरीरावर ठळक परिणाम करणारी वनस्पतींतली द्रव्यं, आहेत. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना हे दाखवतो: वाळलेल्या पानांची पूड अमोनियाने ओलवायची, क्लोरोफॉर्ममध्ये अर्क काढायचा, तो थेंबथेंब काचपट्टीवर चढवायचा आणि पट्टी सुकल्यावर ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण फवारायचं. पिवळ्या पट्टीवर नारिंगी ठिपक्यांची रांग उमटते आणि मुलं लगेच विचारतात, "सर, यातलं व्हिनक्रिस्टीन कुठलं?" ते दिसत नाही. ते पानात इतकं थोडं असतं की शेकडो किलो वाळलेली पानं घ्यावीत तेव्हा जेमतेम ग्रॅमभर हाती लागतं. दिसतात ते विंडोलिन, कॅथरँथिन असे मुबलक असलेले. मुळांत पुन्हा वेगळी मंडळी: आज्मॅलिसिन, सर्पेंटिन. आज्मॅलिसिन रक्तदाब उतरवतं.

म्हणजे एका झाडात पांढऱ्या पेशी मारणारं काही आहे, रक्तदाब उतरवणारं काही आहे, आणि जनावरांवरच्या काही प्रयोगांत साखर थोडी खाली आणणारंही काही आढळलंय. सकाळी पाच फुलं चावताना यातलं नेमकं कुठलं, किती आणि कितपत रक्तात जातं, हे कुणी मोजलेलं नाही. पानं कोवळी होती की जून, झाड पांढऱ्या फुलांचं की गुलाबी, मार्चमधलं की ऑगस्टमधलं, यावर आकडे बदलतात. आणि दवाखान्यात व्हिनक्रिस्टीन कसं देतात? मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नाही, तेही फक्त शिरेतून. शिरेबाहेर सांडलं तर मांस जळतं. एवढ्या मोजूनमापून दिलं तरी त्याचा हमखास दिसणारा त्रास म्हणजे हातापायांच्या नसा बधिर होणं, मुंग्या येणं.

मधुमेहात काय होतं? पायांच्या नसा बधिर होतात, मुंग्या येतात. पाच फुलांतून एवढं विष जाईल असं मी म्हणत नाही. बहुधा काहीच होणार नाही. पण ज्याच्या नसांना आधीच धोका आहे त्याने नसा बिघडवणारं झाड रोज, मात्रेचा पत्ता नसताना, वर्षानुवर्षं का चावायचं? दुसरं, वडिलांना रक्तदाबाची गोळीही असेल तर मुळांचा काढा कुणी सुचवला तरी घेऊ देऊ नका. उठल्यावर चक्कर येऊन पडण्याचं ते निमित्त होईल.

"पण अण्णा, माझी साखर खरंच उतरली," असं म्हणणारा कुणीतरी तुम्हाला भेटेलच. त्याचं खोटं नसतं. माणूस मधुमेहाचं काही नवं सुरू करतो तेव्हा सोबत चालायला जायला लागतो, रात्रीचा भात कमी करतो, चहातली साखर सोडतो. साखर उतरते आणि श्रेय फुलांना मिळतं.

काविळीत हे सगळ्यात ठळक दिसतं. आपल्याकडे काविळीचं औषध देणारं कुणी ना कुणी प्रत्येक तालुक्याला आहे. कुणी डोक्यावर माळ घालतात आणि ती लांबत गेली की कावीळ उतरली म्हणतात, कुणी हातावरून पाणी सोडून ते पिवळं झालेलं दाखवतात, कुणी भुईआवळीचा रस देतात. दूषित पाण्यामुळे होणारी ए आणि ई प्रकारची विषाणूजन्य कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपसूक बरी होते. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, अशातला हा प्रकार.

पण भुईआवळीला एवढ्यावर निकालात काढणं बरोबर नाही, आणि शास्त्रज्ञांनी तसं काढलंही नाही. १९८८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मद्रासचा एक अभ्यास आला. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणू रक्तात घेऊन फिरणाऱ्यांना भुईआवळीची पूड दिली, तर ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती बनावट गोळी घेतलेल्या २३ जणांत ती फक्त एकाची गेली. त्या निबंधाच्या लेखकांत हिपॅटायटिस बीचा शोध लावणारे नोबेल विजेते बरूच ब्लमबर्गही होते. जगभर खळबळ उडाली. मग इतरांनी तेच करून पाहिलं आणि तसा निकाल पुन्हा मिळाला नाही. झाड वेगळं होतं, जमीन वेगळी होती, रुग्ण वेगळे होते, खूप कारणं दिली गेली. मला स्वतःला वाटतं की पहिल्या अभ्यासाचा गट लहान होता, तिथेच गोम असावी. पण भुईआवळीकडे कुणी हसण्यावारी पाहिलं नाही. तिला परीक्षेला बसवलं आणि ती नापास झाली. लोकौषधींना "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणणारे आणि "सगळी थोतांडं" म्हणणारे, दोघेही ही परीक्षा टाळतात.

लोकांच्या अनुभवाचं खरं मोल मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. कुठल्या झाडाने शरीरात काहीतरी ठळक घडतं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या माणसांना अचूक कळलेलं असतं. ते कशासाठी वापरायचं, यात ते पुष्कळदा चुकतात. किती द्यायचं, यात आणखी चुकतात. आणि औषध करायचं कसं, यात मात्र ते कधीकधी आमच्या पुढे असतात.

आडुळसाच घ्या. ताजी पानं कुटून पिळली तर रस फारसा निघत नाही. घरातली जुनी बाई काय करते? पानं तव्यावर झाकून शेकते किंवा वाफवते, मऊ पडली की फडक्यात घालून पिळते, रसात मध घालते. पानांतलं वॅसिसिन हे अल्कलॉइड या रसात उतरतं. वॅसिसिनच्या सांगाड्यावरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि ब्रोमहेक्झिनपासून अँब्रॉक्सॉल. तुमच्या घरातल्या कफ सिरपच्या बाटलीवर वाचा, या दोघांपैकी एकाचं नाव असण्याची शक्यता पुष्कळ. चिकट कफ पातळ करायचा, हे काम आजीच्या रसाचंही तेच आणि बाटलीचंही तेच. म्हणजे इथे लोकांनी झाड बरोबर ओळखलं, रोगही बरोबर ओळखला, रीतही बरोबर. तरी एक गोष्ट राहिलीच: वॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात त्यावर तपशीलवार काम झालं. खोकल्यासाठी बिनधास्त दिला जाणारा हा काढा गरोदर बाईला देऊ नये, हे सांगायला तेवढा एक आधार पुरे.

करण्याच्या रीतीबद्दल चीनमधली गोष्ट आमच्या विषयात सगळ्यांना माहीत असते. मलेरियावरच्या औषधाच्या शोधात तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंचा गट जुने ग्रंथ चाळत होता. छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी चाले, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याच्या नुस्ख्यात त्यांना दिसलं की मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यायला सांगितलाय. उकळायला नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उकळण्याने द्रव्यच नासत असावं. कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७१ मध्ये माकडांतला आणि उंदरांतला मलेरिया पूर्ण गेला. त्या द्रव्याचं नाव आर्टेमिसिनिन, आणि त्याच्या शोधाला २०१५ चं नोबेल मिळालं. सोळाशे वर्षं जुन्या ओळीतल्या एका क्रियापदाने रस्ता दाखवला. पण हेही लक्षात घ्या की आज मलेरियावर त्या झाडाचा चहा चालत नाही. त्यात द्रव्य कमी उतरतं आणि अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना गोळीच घ्यायला सांगते.

आता गुळवेलीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात मला सदाफुलीपेक्षा तिचीच जास्त काळजी वाटते.

गुळवेल हे किरकोळ झाड नव्हे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर १९८० आणि १९९० च्या दशकांत गंभीरपणे काम केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी गुळवेल दिली तर नंतर जंतुसंसर्गाने दगावणारे कमी होतात, असं त्यांना दिसलं. गट लहान, जेमतेम तीसेक रुग्णांचा. पण दिशा स्पष्ट होती: ही वेल प्रतिकारशक्तीला डिवचते.

कोरोनाच्या काळात नेमकं याच कारणाने ती घराघरांत पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज, आणि तिचं रूप असं की जणू शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली आहे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की झाडाची ओळख नीट पटवलेली नाही, दुसरीच जात असेल. आक्षेपात तथ्य होतं, तसा घोटाळा होतो. पण पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ रुग्णालयांतून ४३ रुग्णांची नोंद आली, तेव्हा "दुसरंच झाड होतं" एवढ्यावर विषय संपेना. प्रतिकारशक्तीला डिवचणारी वेल, ज्याची प्रतिकारशक्ती आधीच बिघडलेली आहे त्याला बाधू शकते, यात रसायनाच्या अंगाने नवल काही नाही. कोट्यवधी लोकांनी ती प्यायली आणि बहुतेकांना काही झालं नाही, हेही तितकंच खरं. पण आपण कुठल्या बाजूचे, हे आधी कळत नाही.

ओळखीचं म्हणाल तर तुम्हीही तपासू शकता. काष्ठौषधीच्या दुकानातून गुळवेलीचे तुकडे आणता तेव्हा पानं नसतातच, म्हणून खोडाकडे पाहा. खऱ्या गुळवेलीच्या खोडावरून कागदासारखा पातळ पापुद्रा सुटतो, आतला रंग हिरवा. आडवा काप घेतला तर गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. खोडावर ठिकठिकाणी टणक फोड असावेत तशा ठळक गाठी असतील तर ती तिची चुलत बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. ती यकृताला जास्त बाधते. पूड विकत घेतली असेल तर यातलं काहीच कळणार नाही. मी स्वतः पुडीच्या वाटेला जात नाही.

हळदीबद्दल वेगळं विचारलं नाहीत, पण ती येणारच, म्हणून दोन ओळी. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन-चार टक्के, आणि तेही रक्तात फारसं जात नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातला १९९८ चा एक अभ्यास आहे. त्यात कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन दिलं तेव्हा ते माणसाच्या रक्तात वीस पटींनी जास्त पोहोचलं. ही ओळ हळदीच्या गोळ्यांच्या प्रत्येक डबीवर फिरते. डबीवर जे लिहीत नाहीत ते असं की पायपरिन यकृताचं औषधं मोडण्याचं काम मंदावतं. म्हणजे ते इतर औषधंही वाढवू शकतं. त्याच तत्त्वावर जम्मूच्या प्रयोगशाळेने क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारी गोळी काढली. फोडणीतली हळद, आमटीतली दोन मिरी खुशाल खा. पायपरिनच्या गोळ्या मात्र मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांसोबत डॉक्टरला न सांगता घेऊ नयेत.

एवढं सगळं ऐकून वडील म्हणतील, "म्हणजे झाडपाल्याचं काहीच घ्यायचं नाही?" तसं नाही. साखरेसाठी ज्यांच्याकडे मी आदराने पाहतो अशा दोन गोष्टी आहेत.

एक मेथीदाणा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी मधुमेह्यांना मेथी रोजच्या जेवणात देऊन पाहिली, आणि २५ ग्रॅमच्या आसपास मात्रेला साखर उतरताना दिसली. कारणही साधं: दाण्यात भरपूर चिकट तंतू असतात, भिजल्यावर ते बुळबुळीत होतात आणि आतड्यातून साखर रक्तात जाण्याचा वेग कमी करतात. यात गूढ काही नाही. मात्र २५ ग्रॅम म्हणजे चमचाभर नव्हे, चांगली छोटी वाटी. सुरुवातीला पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा. आणि औषधं नि मेथी एकाच वेळी नको, दोन तासांचं अंतर ठेवा; तंतूंत गोळीही अडकते.

दुसरं बिबळ्याचं लाकूड, ज्याला बाजारात विजयसार म्हणतात. त्याचे पेले विकतात. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी ते तपकिरी होतं आणि उजेडात धरलं की निळसर झाक मारतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या केंद्रांनी नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ रुग्णांना विजयसार दिलं, त्यातल्या ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. हा निकाल १९९८ मध्ये छापून आला. तुलनेला बनावट औषधाचा गट नव्हता, हा त्यातला मोठा उणेपणा. शिवाय त्यांनी दिलं ते मोजलेलं सुकं सत्त्व, दिवसाला दोन ते चार ग्रॅम. पेल्यातलं पाणी नव्हे. पेला काही आठवड्यांनी फिकट पाणी द्यायला लागतो आणि लोक मात्र तो वर्षभर वापरतात. आणि ते रुग्ण नुकतेच मधुमेही झालेले होते, वडिलांसारखे जुने नव्हते.

मग आता नेमकं काय करायचं? मेटफॉर्मिन चालू ठेवा. सदाफुली बंद. गुळवेल आधी बंद करा आणि या आठवड्यात यकृताची तपासणी, म्हणजे एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन करून घ्या. लघवी गडद पिवळी होणं, अंगाला खाज, जेवण नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर आठवडाही थांबू नका. डॉक्टरांना काढ्याचं स्पष्ट सांगा. रुग्ण लपवतात, कारण ओरडा बसेल असं वाटतं. आणि मग यकृत का बिघडलं हे शोधण्यात महिना जातो. काढा ज्या तुकड्यांचा केला ते एका पिशवीत घालून सोबत न्या. एसजीपीटी वाढलेलं निघालं तर काढा बंद केल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा; उतरलं तर पुढे गुळवेलीचं नाव घ्यायचं नाही, कुठल्याही 'इम्युनिटी' पुडीतूनसुद्धा.

मेटफॉर्मिन जुनं आहे म्हणून बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्या. ही गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होतं आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. कदाचित वडिलांना मुंग्या येत असतील, त्यावर उपाय म्हणूनच ते इकडे-तिकडे शोधत असतील. हे मी अंदाजाने म्हणतोय, पण बऱ्याच मधुमेह्यांच्या घरी झाडपाला असाच शिरतो.

गोळी कमी व्हावी ही त्यांची इच्छा चुकीची नाही, आणि कधीकधी ती कमी होतेही. आत्ताचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करा. तीन महिने रोजचं चालणं, जेवणात मेथी आणि गोळी पूर्वीसारखीच, आणि मग पुन्हा एचबीए१सी. आकडा चांगला उतरला असेल तर मात्रा घटवायची का, हे त्याच कागदावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा. वडील ऐकत नसतील तर त्यांना गालेगाची गोष्ट सांगा. झाडावर विश्वास असलेल्या माणसाला आपली गोळीही झाडाच्याच घरची आहे हे कळलं, की निम्मा विरोध बहुधा मावळतो.